कानवाल्या मिस्त्रींची पाटी

डोळे मिटा असं सांगणार होतो, पण मग वाचणार कसं? तेव्हा डोळे उघडेच ठेवा आणि मनातल्या मनात एक काम करा. तुम्हाला उभा चढ पळत चढायचा आहे, जीव तोडून. आणि कुणीतरी तुमच्या डोक्यावर जाड पांघरूण टाकलं आहे. नाक कुणी दाबलेलं नाही, तोंडही मोकळं आहे. हवी तेवढी हवा ओढा. पण पांघरुणाच्या आतली हवा तुमच्याच अंगाने तापलेली. ओढताय, ओढताय, छाती काही भरत नाही. धापा मात्र अशा मोठ्या की बघणाऱ्याला वाटावं, वा, काय जोर लावतोय.

आणि वर पोचल्यावर तुमचंच माणूस सगळ्यांसमोर म्हणतं, "तुला पळता येत नाही."

राग येईल ना? येऊ द्या. या गोष्टीत राग पुष्कळ आहे. मुलं मला विचारतात, रागावणं वाईट असतं का हो? मी म्हणतो, आधी कशावर रागावलात ते सांगा, मग बघू.

तर एक गॅरेज होतं. आत दोन गाड्या मावत, तिसरी आली तर तिची शेपटी रस्त्यावर. एका भिंतीवर प्रत्येक पान्याची आकृती पांढऱ्या रंगाने काढलेली होती. पाना जागेवर नसला की भिंतीवर त्याचं भूत दिसे आणि मग तो सापडेपर्यंत कुणाला चहा मिळत नसे. असा कडक कारभार. चालवणारे होते मिस्त्री. दारात गाडी आली की ते बॉनेट उघडत नसत. मान कलती करायचे, डोळे मिटायचे आणि ऐकायचे. "तिसरा प्लग गेलाय," म्हणायचे, आणि तिसराच गेलेला असायचा. लोक त्यांना कानवाले मिस्त्री म्हणत. शेजारच्या पेंटरने त्यांना पत्र्याची एक मोठी पाटी रंगवून दिली होती. वर भला थोरला कान आणि खाली अक्षरं: नुसतं ऐकून दोष सांगू. कान इतका झकास उतरला होता की एकदा एक म्हातारेबुवा कानातला मळ काढून घ्यायला आत आले आणि गाडीखालच्या पायांना विचारू लागले, डॉक्टर केव्हा येणार.

मिस्त्रींना एक मुलगी होती. तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब पडावा तशी ती बोलायची, म्हणून सगळे तिला तडतडी म्हणत. आणि मिस्त्रींना एक धाकटी बहीण होती, म्हणजे तडतडीची आत्या. आत्या रोज बेकरीची पावाची गाडी चालवायची. पाव चेपू नयेत म्हणून वळणावर अलगद, गतिरोधकावर हळू, असं वर्षभर. पण वर्षातून एकदा ती डोंगरावरच्या चढाईच्या शर्यतीत उतरायची. त्या एका दिवसासाठी ती बाकीचे दिवस पाव पोचवते, असं तीच म्हणायची.

ही शर्यत वेगळी असते. सगळ्या गाड्या एकदम सुटत नाहीत. खाली रांग लावायची, इंजिन चालू ठेवून उभं राहायचं, पुढची गाडी वर पोचली की तुमची सुटणार. शिखरापर्यंत लागलेला वेळ मोजतात. रांग लांब, ऊन कडक, वारा नाही. ही रांग नीट लक्षात ठेवा. गोष्ट तिथेच अडकणार आहे.

गाडी निळी होती, जुनी, भावाबहिणीने मिळून जमवलेली. या वर्षी मिस्त्रींनी तिच्या श्वासाला हात घातला. इंजिनाला पेट्रोल लागतं तशी हवाही लागते, आणि पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त लागते. ती हवा कारखान्याने बसवलेल्या एका काळ्या डब्यातून आत जाते. डब्यात धूळ अडवणारा फिल्टर असतो आणि डब्याची नळी पुढे, दिव्याच्या मागे, बाहेरच्या हवेत उघडते. मिस्त्रींनी तो डबा काढला. काढला म्हणजे करवतीने मधोमध कापून पेंटरला दाखवला. "बघ. एवढ्याशा नळीतून श्वास घ्यायचा बिचारीने. नाक चिमटीत धरून पळायला लावतात हे कारखानेवाले."

डब्याच्या जागी त्यांनी उघडा फिल्टर बसवला. लाल, शंकूसारखा, चौफेर हवा ओढणारा. पहाटेच्या थंडीत मोकळ्या रस्त्यावर गाडी नेऊन बघितली. आणि काय तो आवाज! आधी जी गाडी गुरगुरायची ती आता गर्जायला लागली. मिस्त्री डोळे मिटून उभे राहिले, आत्याने दोनदा चक्कर मारली, पेंटरने बोटं तोंडात घालून शिटी वाजवली. पहाटे गाडी खरंच पळाली, खोटं कशाला सांगू. कापलेला डबा कोपऱ्यात पडला. अर्ध्या भागात गॅरेजच्या मांजरीने पिल्लं घातली आणि विषय संपला.

शर्यतीच्या आदल्या दिवशी सराव होता. सगळे गेले. आत्या रांगेत उभी राहिली, रांग पुढे सरकेना, ऊन चढत गेलं. तडतडी आत्याला पाण्याची बाटली द्यायला गेली तेव्हा तिने सहज बॉनेटवर हात टेकला आणि लगेच काढला. मग आत्याला विचारून बॉनेट जरा उचललं आणि त्या लाल फिल्टरला बोट लावलं. बोट भाजलं. फिल्टरच्या टोपीवर, जिथून इंजिन श्वास घेतं तिथे. शेजारी रेडिएटरचा पंखा घोंघावत होता आणि सगळी गरम हवा मागे, थेट फिल्टरच्या तोंडावर फेकत होता.

ती धावत बापाकडे आली. "बाबा, फिल्टर भाजतोय."

"इंजिन आहे, बर्फाचा गोळा नाही. भाजणारच."

"पण मागच्या वर्षी डबा गार होता. मी तेव्हाही हात लावला होता."

"तू सगळ्याला हात लावतेस. जा, सावलीत बस."

आत्या सुटली. गाडी जोरात गर्जली. आणि तरी पहिल्या वळणापर्यंत ती अशी गेली, जशी ओलं पोतं ओढत चालली आहे. वरच्या अर्ध्या वाटेत वारा लागल्यावर सावरली, पण तोवर जे जायचं ते गेलं होतं. वेळ मागच्या वर्षीपेक्षा वाईट. दुसरी फेरी, पुन्हा रांग, पुन्हा तेच.

खाली आल्यावर आत्या म्हणाली, "दादा, सुटताना ती मेल्यासारखी होते. पाय पूर्ण दाबला तरी."

मिस्त्री म्हणाले, "आवाज ऐकलास का तिचा? गाडी जीव तोडून ओरडतेय. तीच तुला ओढून नेतेय वर, आणि तू तिला धरून बसलीस."

"मी धरत नाही. मी..."

"गाडीला नाव ठेवायचं नाही. कान आहेत मला. पाव पोचवून पोचवून तुझा पाय मऊ झालाय. गिअर टाकतेस की पावावर लोणी लावतेस?"

आजूबाजूला बाकीचे चालक होते. दोघंतिघं हसले. आत्याच्या हातात तिचं हेल्मेट होतं, पांढरं, कडेला ओरखडे पडलेलं. मिस्त्रींनी ते तिच्या हातातून घेतलं आणि पेंटरच्या हातात दिलं.

"उद्या तू चालव. संध्याकाळपर्यंत चालकाचं नाव बदलता येतं. जेवण झालं की मी जाऊन सांगून येतो."

पेंटर चांगला माणूस होता, गाडीही बरी चालवायचा. पण त्या क्षणी त्याने हेल्मेट असं धरलं होतं, जसं कुणी त्याच्या हातात उकळत्या पाण्याचं पातेलं ठेवलं आहे. "अहो मिस्त्री, ताईची गाडी आहे ती," तो पुटपुटला. मिस्त्री गाडीकडे निघून गेले होते.

आत्या काही बोलली नाही. मुलांनो, भांडणाऱ्या माणसाची काळजी करू नका. गप्प झालेल्या माणसाची करा.

गॅरेजमध्ये आल्यावर मिस्त्री मागच्या खोलीत जेवायला गेले. आत्या टायरांच्या चळतीवर बसली आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागली. शर्यतीचे बूट होते ते. एका बुटाची नाडी सोडली आणि तशीच बसून राहिली.

तडतडी तिच्यासमोर उभी राहिली. "तू काही बोलली का नाहीस?"

"काय बोलू?"

"की गाडी गरम हवा पितेय. बाबांनी वाट लावलीय गाडीची आणि खापर तुझ्यावर."

"सोड गं." आत्या नाडीशी खेळत राहिली. "त्याचा कान आजवर चुकलेला नाही. माझा पाय चुकू शकतो. खरंच मऊ पडला असेल."

हे ऐकलं आणि तडतडीचं डोकं फिरलं. बाबांनी आत्याला बोल लावला याचा राग होताच. पण आत्याने तो खरा मानला, हे तिला सहनच होईना. भाजलेलं बोट अजून चुरचुरत होतं. ते बोट खोटं बोलत नव्हतं.

पेंटर दारातच घुटमळत होता, हेल्मेट काखेत. त्याला तिने विचारलं, "काका, हवा तापली की काय होतं?"

"वर जाते."

"का जाते?"

"हलकी होते म्हणून. पातळ होते, पसरते."

"म्हणजे तेवढ्याच घासात कमी हवा."

पेंटरने डोकं खाजवलं. "तसंच म्हणायला पाहिजे."

"मग इंजिन पोटभर घास घेतंय आणि उपाशी राहतंय. आणि उपाशी माणूस जास्त ओरडतो." असं म्हणून ती कोपऱ्यात गेली. तिला जुना डबा हवा होता. डब्यात मांजर होती, पोटाशी चार बोळे घेऊन. तडतडीने हात पुढे केला तर मांजरीने कान मागे पाडले. शिवाय डबा कापलेला, बसवून उपयोग नव्हता.

आता पत्रा हवा. इंजिन आणि फिल्टर यांच्यामध्ये भिंत घालायची, वरून बॉनेटला टेकेल अशी, म्हणजे गरम हवा पलीकडे राहील. आणि पुढून एक जाड नळी आणून त्या कप्प्यात सोडायची, म्हणजे बाहेरची हवा आत येईल. नळी भंगारात होती, एका मोडक्या ट्रकच्या हीटरची. दाराचं जुनं रबर होतं, भिंतीच्या कडेला लावायला. पत्रा मात्र नव्हता. जो होता तो गंजून कुजलेला, हात लावला की भुगा.

तिने वर बघितलं. दारावर पाटी होती.

आता इथे मला तुम्हाला सांगायला हवं की दुसऱ्याची वस्तू न विचारता घेऊ नये. सांगितलं. पुढे ऐका.

तिने तेलाचं रिकामं पिंप ढकलत दारापाशी आणलं, त्यावर चढली आणि हुकातून पाटी उतरवली. जाड हातमोजे घातले. पुठ्ठ्यावर माप काढलं, ते पाटीवर ठेवलं, खिळ्याने रेघ ओढली. रेघ बरोबर कानाच्या मधून गेली. पेंटर म्हणाला, "अगं, अगं, तो कान करायला मला..." आणि तिने पत्र्याची मोठी कातरी लावली.

पत्रा कापायला लहान हातांना फार जोर लागतो. पहिलं टोक कसंबसं उघडलं. पत्रा सारखा निसटत होता. ती रडत होती की घाम होता, सांगता येत नाही. मग पाटीचं दुसरं टोक एकदम स्थिर झालं. तिने मान वर केली. आत्या समोर गुडघ्यावर बसली होती, एका पायात बूट, एका पायात नाही. दोन्ही हातांनी पत्रा धरलेला.

"मरेपर्यंत मार खाऊ आपण दोघी," आत्या म्हणाली. "काप."

कानवाल्या मिस्त्रींना पत्रा कापल्याचा आवाज ओळखता येणार नाही, असं कसं होईल? ते हात न धुताच बाहेर आले. दारावर दोन रिकामे हुक. खाली जमिनीवर अर्धा कान, आणि "दोष सांगू" एवढीच अक्षरं.

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"कुणी?"

"मी," तडतडी म्हणाली.

"मी धरली," आत्या म्हणाली.

"तू गप्प बस. हिला विचारतोय. का?"

"कारण ती पाटी खोटं बोलते."

पेंटरने डोळे मिटून घेतले. मिस्त्रींचा चेहरा तांबडालाल झाला. "मी या गल्लीत ती पाटी लावली तेव्हा तू जन्मलीही नव्हतीस. तुझी वह्या-पुस्तकं, तुझे हे बूट, सगळं त्या कानाने मिळवलंय. आणि तू म्हणतेस खोटं."

"प्लगचं खरं बोलते. व्हॉल्व्हचं खरं बोलते. आज खोटं बोलली. आवाज मोठा झाला म्हणून जोर वाढला, असं कुठे असतं? मला तुम्ही काय सांगता? ओरडू नकोस, ओरडून कुणी खरं होत नाही. मग गाडीला का नाही सांगत?"

मिस्त्रींनी पाटीचा तुकडा पायाने बाजूला सारला.

"तुम्ही चालवा," ती म्हणाली. "आत्याचा पाय मऊ आहे ना? तुमचा नाही ना? मग तुम्ही चालवा. खाणीच्या चढावर. रांगेत उभी होती तशी आधी उन्हात उभी करा, इंजिन चालू ठेवून. मग सोडा. मग ही भिंत बसवते, पुन्हा तेवढाच वेळ उभी करा, पुन्हा तुम्हीच चालवा. मी खोटी ठरले तर पाटीचे तुकडे मी जोडून देईन आणि आत्याची माफी मागेन की तिला उगाच भरीला घातलं. पण बघितल्याशिवाय तुम्ही नाव बदलायला जायचं नाही."

"आणि मी खोटा ठरलो तर?"

"ते तुमचं तुम्ही ठरवा."

राग दोघांचाही एकाच कारखान्यातला होता, त्यामुळे मागे कुणीच हटलं नाही. मिस्त्रींनी भिंतीवरून किल्ली काढली. "चल. दाखव."

गॅरेजच्या मागून एक रस्ता बंद पडलेल्या दगडखाणीकडे चढत जायचा. तिथे कुणी फिरकत नसे. सुटायची जागा ठरावी म्हणून मिस्त्रींनी खाली रस्त्यावर आडवी दोरी टाकली. वेळ मोजायच्या भानगडीत तडतडी पडली नाही. तिने पेंटरच्या हातात तीन चिंध्या दिल्या, लाल, निळी आणि पांढरी. "तुम्ही बाबांच्या शेजारी बसायचं. वेगाचा काटा साठवर टेकला की चिंधी खिडकीतून टाकायची. जोर जास्त असेल तर साठ लवकर येईल, चिंधी खाली पडेल. जोर कमी असेल तर वर जाऊन पडेल."

किती साधं होतं बघा. मोजायला प्रत्येक वेळी घड्याळ लागत नाही.

गाडी उन्हात चालू ठेवली, बॉनेट बंद. पंखा घोंघावत राहिला. सगळे घाम पुसत उभे. कुणी कुणाकडे बघेना. मग मिस्त्रींनी गाडी सोडली. गर्जना अशी की खाणीतले पारवे उडाले. गाडी लहान होत गेली, खूप वर, जवळजवळ खाणीच्या फाटकापाशी, एक लाल ठिपका बाहेर पडला.

खाली आल्यावर मिस्त्री म्हणाले, "ठीक आहे," आणि बॉनेट उघडून बाजूला झाले. तडतडीने भिंत बसवली. वळवलेल्या कडेला रबर, दोन स्क्रू, एक तार. नळी पुढच्या जाळीमागे नेऊन बांधली. हाताला चटके बसत होते, आत्या फडक्याने गरम भाग झाकून धरत होती. अर्धा रंगवलेला कान इंजिनाकडे तोंड करून उभा राहिला. पेंटर म्हणाला, "आता खरं ऐकेल तो." कुणी हसलं नाही.

पुन्हा ऊन, पुन्हा तेवढीच वाट बघणं. पुन्हा गाडी सुटली. या वेळी आवाज लहान होता, जरा दबका. मिस्त्रींनी नक्की तोंड वाकडं केलं असेल. पण निळी चिंधी पडली तेव्हा ती कुठे पडली हे शोधायला मान वर करावी लागली नाही. लाल चिंधीच्या कितीतरी खाली, वाळलेल्या झाडाच्या अलीकडेच.

आत्याने तडतडीचा खांदा धरला. धरला म्हणजे बोटं रुतवली.

मिस्त्री खाली आले. उतरले. दोन्ही चिंध्यांकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी स्वतः बॉनेट उघडलं, स्वतः भिंत काढली, नळी सोडली, बॉनेट लावलं, आणि गाडी पुन्हा उन्हात उभी केली. कुणाला काही सांगितलं नाही. तडतडी म्हणायला गेली की आता आणखी काय, तर आत्याने मान हलवली. तेच बरोबर होतं. एकदा झालेली गोष्ट योगायोगानेही होते. रागात असूनही त्यांना हे सुचलं, म्हणून मला हा माणूस आवडतो, त्याने केलं ते आवडत नसलं तरी.

गाडी तिसऱ्यांदा गेली. पुन्हा ती मोठी गर्जना. पांढरी चिंधी लाल चिंधीशेजारी पडली, जवळजवळ तिच्यावरच.

गाडी खाली आली आणि थांबली. इंजिन बंद झालं. मिस्त्री आतच बसून राहिले, हात स्टिअरिंगवर. पेंटर हळूच उतरला आणि मागच्या सीटवरचं हेल्मेट काढून घेऊन उभा राहिला, कारण दुसरं काय करावं ते त्याला कळेना.

तडतडी खिडकीपाशी गेली. मिस्त्री समोर बघतच म्हणाले, "आवाजात काहीच नव्हतं. तिन्ही वेळा मी कान लावून होतो. सगळ्यात चांगला आवाज तिथेच होता, जिथे ती मरत होती." मग म्हणाले, "बरोबर होतीस तू. मला पटलं."

तुम्हाला वाटेल, झालं. पोरगी जिंकली, बापाने मान्य केलं, आता तिने हसावं. मलाही एकदा तसंच वाटलं होतं. पण तडतडीचा चेहरा अजून तसाच होता, उलट जास्तच आवळलेला.

"मला कशाला सांगता?" ती म्हणाली. "मला थोडंच तुम्ही मऊ पायाची म्हणालात?"

मिस्त्रींनी आरशात बघितलं. मागे, रस्त्याच्या कडेला, आत्या दगडावर बसली होती. एका पायात बूट.

"सांगेन तिला," ते म्हणाले. "घरी गेल्यावर. निवांत."

"हेल्मेट सगळ्यांसमोर काढून घेतलंत."

"अगं, सांगतो म्हटलं ना."

ती आणखी वाद घालत बसली नाही. पेंटरकडे गेली, हात पुढे केला. पेंटरने लगेच हेल्मेट दिलं, वर हुश्श केलं. ते घेऊन ती परत आली, गाडीचं दार उघडलं आणि हेल्मेट बापाच्या मांडीवर ठेवलं. मग बापाच्या तेलकट मनगटाला धरून, सगळं अंग मागे झोकून, त्याला गाडीतून बाहेर, आत्याच्या दिशेने ओढायला लागली.